सगळ्यांसाठी, का तुमच्यापुरतं?

दस्तगीरभाईंकडं कुणी काहीही मागितलं की ते आधी एकच विचारायचे, "सगळ्यांसाठी, का तुमच्यापुरतं?"

चहात साखर कमी सांगा, नाहीतर खिडकी उघडा म्हणा, प्रश्न हाच. त्यांची बायको गेली त्या दिवशी आम्ही कब्रस्तानातून घरी आलो. खोलीत माणसं दाटलेली, उकाडा मरणाचा. मी विचारलं, "भाई, पंखा लावू?" तर सवयीनं तोंडातून निघालंच, "सगळ्यांसाठी, का..." पुढचं त्यांनी गिळलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

हे खूळ त्यांना कामातून लागलं होतं. आमच्या साखर कारखान्यात ते सर्व्हर सांभाळायचे; हजेरीपटावर नाव दस्तगीर मुजावर. वजनकाट्याच्या नोंदी ठेवायला तिथं चित्रं नाहीत की माऊस नाही. नोंदींचा प्रोग्राम म्हणजे काळा पडदा, त्यावर कमांड टाइप करायची. त्या प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाईली दोन. एक अख्ख्या यंत्रणेची, तिला फक्त भाईंनी हात लावायचा. दुसरी ज्याची त्याची. भाई त्यांना गावची फाईल आणि घरची फाईल म्हणायचे.

"प्रोग्राम आधी गावची वाचतो, मग घरची. दोघींचं जमलं न्हाय, तर घरचीचं खरं. घरात कायदा घरचाच!"

नवा माणूस आला की त्याला हे प्रवचन चहासोबत ऐकावंच लागे. घरच्या फाईलीच्या नावाआधी टिंब असतं, त्यामुळं ती यादीत सहसा दिसत नाही. त्यावरही त्यांचं म्हणणं होतंच, "दिसत न्हाय म्हणून पुसायची नसती."

काट्यावर शोभाताई बसायच्या. नवरा कारखान्यातच ट्रॅक्टरखाली गेला, त्याच्या जागी लागलेल्या. त्यांना साखरेचा आजार. "साखर कारखान्यात ऱ्हाऊन साखरंनंच डोळे खाल्ले बघा," असं त्या हसत सांगायच्या. हसायच्या, पण नजर दर महिन्याला उणी होत होती. भाईंनी त्यांच्या घरच्या फाईलीत अक्षरं चौपट मोठी केली, काळ्यावर पिवळी. लांबलचक कमांडींना एकेका अक्षराची टोपणनावं दिली. काही चुकलं की यंत्र 'टूंऽ' करून ओरडायचं. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग कितीही लागो, ताईंचं काम अडत नव्हतं.

मग नवे साहेब आले. शिस्तीचे भोक्ते. सगळ्यांचे पडदे एकसारखे दिसले पाहिजेत, प्रत्येकाची वेगळी फाईल पुसून टाका, असा हुकूम निघाला.

"साहेब, ताईंची तेवढी ऱ्हाऊ द्या," भाई म्हणाले. "त्यांना दिसत न्हाय."

"दिसत नाही तर काट्यावर कशाला बसवलंय?"

हुकमाप्रमाणं भाईंनी सगळ्यांच्या घरच्या फाईली पुसल्या. पण त्याआधी ताईंच्या फाईलीतल्या ओळी उचलून गावच्या फाईलीत नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पडदा उघडला, तर लिंबाएवढी पिवळीधमक अक्षरं. अहवालाची एकेक ओळ चार ठिकाणी मोडलेली. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं, यंत्र 'टूंऽ' करून ओरडलं.

"मुजावर, हे काय आहे?"

"एकसारखं केलं, साहेब."

"माझ्यापुरतं लहान करा!"

"आपल्यापुरतं करायला घरची फाईल लागती, साहेब. ती आपणच पुसायला लावली."

हसू दाबता दाबता आमच्या पोटात कळा आल्या. साहेब हसले नाहीत. दुपारच्या आत भाईंचा पासवर्ड गेला आणि त्यांची रवानगी बारदानाच्या गोदामात झाली. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं अक्षरं बारीक केली. ताई पडद्याला नाक लावून काम करू लागल्या. एका शेतकऱ्याची ट्रॉली दुसऱ्याच्या नावावर पडली, काट्यावर आरडाओरडा झाला. उद्यापासून येऊ नका, असं ताईंना सांगण्यात आलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन्ही डोळे गेले. भाई पोती मोजत राहिले. तो प्रश्न विचारायचंही त्यांनी सोडून दिलं.

मध्ये मी लोहाऱ्याला तहसीलच्या कामाला गेलो होतो. ताई तिथून जवळच भावाच्या गावी राहतात, म्हणून वाट वाकडी केली. अंगणात दस्तगीरभाई बनियनवर, खुंटी ठोकत होते. दारापासून मोरीपर्यंत नायलॉनची दोरी ताणलेली, तिला गाठी मारलेल्या.

"ताई, दोरी धरून या. एक गाठ लागली की पायरी. दोन लागल्या की रांजण." मग ताईंच्या भावजयीवर ओरडले, "खाट कुणी हलवली हो? काय सांगून गेलतो म्या?"

सुट्टीच्या दिवशी हा माणूस एसटी बदलून, जीपला लटकून इथं येतो, असं भावजयीनं मला सांगितलं.

भाई दगड शोधायला घराच्या मागं गेले, तेव्हा मी ताईंना म्हणालो, "तुमच्यासाठी लई करतात हो भाई."

"अंगण कवाच पाठ झालंय मला," ताई हळूच म्हणाल्या. "दोरी लागत न्हाय. पर तसं सांगितलं, तर पुढच्या सुट्टीला यायला त्यांना निमित्त काय ऱ्हाईल? घरी बोलायला कोण हाय त्यांना?"

तेवढ्यात भाई आले. "हां ताई, चला परत एकदा."

ताईंनी दोरी धरली. दोन गाठी त्यांच्या बोटांखालून सरकलेल्या मी पाहिल्या. तरी त्या तशाच पुढं गेल्या आणि रांजणाला धडकल्या.

"बारीक पडतीया गाठ," भाई म्हणाले, आणि दोरी सोडायला खाली बसले.