तोतारामभाऊ तीनदा पडतात

“दाजी, तुम्ही फक्त गुलालाची ऑर्डर द्या! बाकी सगळं माझ्यावर सोडा!”

अभिमनने ही घोषणा केली ती दाजींच्या ओसरीवर, दाजींच्या डब्यातलं पान लावून आणि दाजींच्याच आरामखुर्चीत पसरून! दाजी म्हणजे सावद्याचे केळीचे व्यापारी चुडामणशेठ. त्या वर्षी ते केळी उत्पादक सोसायटीचे चेअरमन व्हायला निघाले होते. ते निवडून आले की सोसायटीचं मॅनेजरपद मेहुण्याला, असा शब्द त्यांनी दिला होता. दिला कसला, प्रमिलाबाईंनी भावासाठी तो नवऱ्याकडून काढून घेतला होता!

अभिमनला पदापेक्षा पदाखालची खुर्ची जास्त आवडली होती. हिरव्या रेक्झिनची, गोल फिरणारी! काहीतरी काम काढून तो सोसायटीत जायचा, कोणी बघत नाहीसं पाहून तिच्यात बसायचा, एक गिरकी घ्यायचा आणि घरी येऊन दिवसभर खूश असायचा. बाकी आयुष्यात त्याला फिरण्याखेरीज दुसरं काही साधलं नव्हतं. जळगावला मेहरूणमध्ये व्हिडिओ पार्लर काढलं, ते बसलं. मग टीव्ही, व्हिडिओ आणि स्वतः, असा तीन नगांचा माल बहिणीच्या घरी येऊन पडला.

“आधी तुझं ते खोकं माझ्या माजघरातून हलव,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “पापडाला जागा उरली नाही!”

“अक्का, तेच खोकं उद्या तुला चेअरमनीणबाई करेल!”

समोरच्या बाजूने तोतारामभाऊ उभे होते. मिटलेल्या छत्रीसारखा माणूस. धोतर जास्त, आत भाऊ कमी! त्यांनी बाजारपटांगणात केळी उत्पादकांचं मोठं अधिवेशन भरवलं. अधिवेशन म्हटलं की आमच्याकडे केळीतुला आलीच. हार काय, कोणीही कोणाच्याही गळ्यात घालतं. माणूस केळीच्या घडांनी तोलला गेला, की तो पुढारी झाला!

पण माणूस मावेल एवढा काटा गावात एकच होता, आणि तो चुडामणशेठच्या वखारीत, शेतकऱ्यांची केळी तोलायला टांगलेला. पारडी सोनगीरच्या तांबटांकडून घडवून आणलेली, पितळेची, परातीएवढी नव्हे, पाळण्याएवढी! तोतारामभाऊंचा माणूस तो मागायला खुशाल शेठकडेच आला. राजकारण आपल्या जागी, मागून नेणं आपल्या जागी. लग्नाची पातेली नाही का विरोधकाकडून आणत?

चुडामणशेठ मात्र एकाएकी खोकायला लागले. “काटा… जरा नाजूक आहे. वखारीतून हलवलेला नाही कधी.”

“देऊन टाका दाजी!” अभिमन मधेच बोलला. “लोक म्हणतील, केवढं मन शेठचं! शत्रूलासुद्धा काटा दिला!”

चार माणसं बसलेली. शेठना नाही म्हणता येईना आणि का नाही ते सांगताही येईना. अभिमनने तेवढ्यावर थांबावं ना! त्याने पेंटर बोलावून काट्याच्या दांडीवर लालभडक रंगात, वितीवितीच्या अक्षरांत लिहून घेतलं: ‘चुडामणशेठ, सावदा.’ त्यांच्या मांडवात आपली जाहिरात, तीही फुकट!

अधिवेशनाच्या दिवशी वाजंत्री वाजली आणि तोतारामभाऊ पारड्यात मांडी घालून बसले. समोरच्या पारड्यात घड पडू लागले. घड पडतायत, पडतायत, भाऊ काही उचलले जाईनात! आणखी आणले. भाऊ जमिनीलाच! धूळ, घोषणा, फटाके, कोणाचं कोणाला काही दिसेना. शेवटी मांडवाच्या खांबांना शोभेसाठी बांधलेले घडसुद्धा सोडून आणले, तेव्हा कुठे भाऊ हळूच वर उठले. त्यांनी हसून हात जोडले, आणि त्याच क्षणी केळीच्या पारड्याची साखळी तुटली!

धप्प! भाऊ पाठीवर, पाय आभाळात, टोपी पाहुण्यांच्या मांडीवर!

लग्नाच्या शूटिंगवाल्याने हे सगळं टिपलं होतं. अभिमनने त्याच्याकडून कॅसेटची नक्कल मिळवली आणि चार दिवस माजघरात कोंडून घेऊन जाहिरात तयार केली. तोतारामभाऊ पडतात. पुन्हा पडतात. तिसऱ्यांदा सावकाश पडतात! आणि वर अभिमनचा स्वतःचा, घसा खरवडून काढलेला आवाज: “जो पारड्यात टिकला नाही, तो खुर्चीत काय टिकणार?”

टीव्ही टेम्पोत चढला. टेम्पो धुळ्याकडच्या वनाचा. तो चालवायचा कमी आणि बोलायचा जास्त. पहिला खेळ चिनावलला झाला. गाव असं हसलं की पारावरची कुत्रीसुद्धा लांब जाऊन बसली!

“पुन्हा लाव! पुन्हा लाव!”

“थांब रे, थांब! तो मागे उभा हाये तो माह्या जावई!”

व्हिडिओ नवा होता, त्यात आपलं माणूस दिसणं त्याहून नवं. अभिमनने मोठ्या ऐटीत बटण दाबून चित्र थांबवलं. कोचूरला हाच प्रकार. वाघोद्याला धुरपदाबाई नावाची म्हातारी पार टीव्हीला नाक लावून बसली. जन्म केळीच्या बागेत गेलेली बाई. तिने थांबलेल्या चित्रावर बोट ठेवलं, ओठ हलवले, बोट पुढे सरकवलं, पुन्हा ओठ हलवले. मग शेजारणीच्या कानाला लागली. शेजारीण तिसरीच्या.

“जप करतेय बिचारी,” अभिमन म्हणाला. “आपल्यासाठीच असेल!”

त्यानंतर तर कमालच झाली. टेम्पो गावाच्या शिवेवर दिसायचा अवकाश, माणसं शेतातून धावत यायची.

“अभिमनभाऊ, बठ्ठं गाव जमनं शे!” वना ओरडायचा.

नवल एवढंच, की आता कोणी हसत नव्हतं. सगळे गंभीरपणे बसायचे आणि ठरावीक जागा आली की एका सुरात म्हणायचे, “थांबव!”

“विचार करतायत लोक,” अभिमनने दाजींना कळवलं. “आपली जाहिरात हसण्याच्या पलीकडे गेली! सावद्याच्या खेळाला तुम्ही याच. अक्कालाही आणा!”

शेठ आले. अभिमनने त्यांच्यासाठी चौकात पहिल्या ओळीत खुर्ची मांडली होती. मागे सगळा तालुका लोटलेला. गर्दीत खुद्द तोतारामभाऊही होते. स्वतःला पडताना पाहायला आलेला असा उमेदवार अभिमनने पहिल्यांदाच पाहिला. त्याला वाटलं, शरण आला!

जाहिरात सुरू झाली. भाऊ पारड्यात बसले. घड चढले.

“थांबव!” धुरपदाबाई उठली. “तोतारामभाऊ, जरा उभे राहा बरं.”

भाऊ उभे राहिले.

“फिरा.”

भाऊ नव्या नवरीसारखे गोल फिरले.

“पाहा बाप्पा, इतला माणूस! वजन काय भरल ह्याचं? आन् तिकडे पाहा, त्याच्यासमोरचा ढीग! माह्या बागेतला एक घड उचलता उचलता कंबर धरते माही. बोट ठेवून मोजले मी, इतले घड, आन् ही काडी वर उठत नाही? काटा हाये का राक्षस? केळी खाऊन राह्यला तो!”

“काटा कोणाचा हाये?” मागून कोणीतरी विचारलं.

वाचायला अडचण नव्हती. पेंटरने काम चोख केलं होतं. लाल अक्षरं टीव्हीभर पसरली होती, आणि सगळा चौक पहिलीच्या वर्गासारखा एका सुरात म्हणाला, “चु-डा-मण-शेठ, सा-व-दा!”

अभिमनने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खोकत होता.

“नाजूक आहे म्हटलं नव्हतं का मी!” शेठ पुटपुटले आणि हळूच खुर्चीतून उठायला लागले.

थांबवलेला व्हिडिओ फार वेळ थांबत नाही, आपला आपण सुरू होतो. तो नेमका तेव्हाच सुरू झाला. कर्ण्यातून अभिमनचा आवाज घुमला: “जो पारड्यात टिकला नाही, तो खुर्चीत काय टिकणार?”

सगळा चौक अर्धवट उठलेल्या चुडामणशेठकडे बघू लागला. मग जे हसू फुटलं, ते शेठ घरी पोहोचून आतून कडी लावेपर्यंत ऐकू येत होतं!

तोतारामभाऊ असे निवडून आले, की गुलाल कमी पडला. शेठनी आधीच ऑर्डर दिलेला गुलाल पडून होता, तोही भाऊंनी माणूस पाठवून मागून नेला. मागून नेणं आपल्या जागी! दुसऱ्या दिवशी ते स्वतः पेढे घेऊन ओसरीवर आले. चुडामणशेठ आतच होते, त्यांचा खोकला बरा नव्हता.

“अभिमन, तुझ्याएवढा प्रचार माझ्या सख्ख्या भावांनी केला नाही,” भाऊ म्हणाले. “सोसायटी स्वतःचा काटा बसवतेय. तुला नोकरी देतो.”

“मॅनेजरची?”

“काट्यावरची.”

झालं होतं असं, की शेतकऱ्यांचा आता लोखंडी वजनांवरही विश्वास उरला नव्हता. लोखंड आतून पोकळ निघू शकतं. अभिमन पोकळ आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, त्यामुळे फसवणुकीची भीती नव्हती! त्याला स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनवर उभं करून तिकीट काढलं, ते काट्याशेजारी चिकटवलं. तेव्हापासून रोज सकाळी काटा उघडला की आधी अभिमनला पारड्यात बसवून काटा खरा बोलतो का ते बघतात, मग केळी.

आता प्रमिलाबाई त्याला दुसरी पोळी वाढत नाहीत. “पुरे! तुझं वजन वाढलं तर तालुक्याचं नुकसान!”

कोणी विचारलंच, की काय रे अभिमन, त्या खुर्चीचं काय झालं, तर तो पारड्यात मांडी घालून, साखळ्या धरून, जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत सांगतो, “रेक्झिन नाही हिला. पण फिरते!”