स्वार: खंडेराव मल्हारराव

फटफटीचा विमा किती आणि कसा उतरवावा, यावर सेलूच्या किशनरावांनी पुरे आठ दिवस विचार केला. एवढा विचार त्यांनी लग्नाच्या वेळीही केला नव्हता. तेव्हा त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

फटफटी जुनी होती. पूर्णेच्या रेल्वेतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा जाता जाता ती किशनरावांच्या गळ्यात पडली. त्यांनी ती घेतली ती हौसेनं नव्हे, पोटासाठी. व्यंकटरावांच्या जिनिंगसाठी ते गावोगाव कापूस पाहत हिंडत. दहिवर वाळायच्या आत शेतावर पोचायचं, बोंडातला कापूस चिमटीत ओढून त्याचा धागा बघायचा, आणि दुसरा खरेदीदार यायच्या आत भावाचा शब्द देऊन मोकळं व्हायचं. बैलांच्या दमणीत बसून हे होत नव्हतं. व्यंकटरावांनी साफ सांगितलं होतं, "जो आधी पोचंल त्याचा कापूस, किशनराव. फटफटी चालती हाय तवर काम तुमचं."

नर्मदाबाईंना मात्र त्या यंत्राची धास्ती वाटे. पहाटे जात्यावर बसल्या की पिठासारखी त्यांची काळजीही बारीक बारीक गळत राही:

दारी उभी फटफटी, तिला शिंग ना शेपूट
माझ्या कुंकवाला, देवा, नको लागू दे खरचूट

ही ओवी ऐकून किशनरावांना बायकोचा कळवळा यायचा आणि विम्याची आठवणही व्हायची.

विमेवाले विष्णुपंत बगलेत छत्री धरून तिसऱ्यांदा आले, तेव्हा किशनरावांचा विचार पिकला होता. विष्णुपंतांनी पुन्हा बोटांवर मोजत सांगितलं, "गाडीला काही झालं तर एक. गाडीनं दुसऱ्या कुणाला काही झालं तर दुसरा. आणि गाडीवरच्या स्वाराला काही झालं तर तिसरा."

"पहिले दोन लिवा," किशनराव म्हणाले. "आगीचं बी लिवा, कापसाचं गाव हाय. बैलाला धडकली तर? तेबी लिवा. तिसरा राहू द्या."

"राहू द्या? अहो, गाडी दुरुस्त करून मिळेल, दुसऱ्याच्या बैलालाही नवं शिंग बसेल. पण त्या गाडीवर बसणार कोण?"

हे किशनरावांना पटलं. "बरं, तिसरा सांगा."

"हात मोडला तर इतकं, पाय मोडला तर इतकं, आणि..." विष्णुपंत अडखळले. "आणि काही बरंवाईट झालंच, तर वारसाला इतकं."

दाराआड बांगड्या वाजल्या. "अवं भाऊजी, त्यांच्या नावाम्होरं मरण लिवायलेत व्हय तुमी? माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन?"

"वहिनी, लिहिलं म्हणून होतं का कुठं?"

"न्हाई होत तर लिवता कशाला?"

त्या महिन्यात विष्णुपंतांच्या हातून एकही विमा झाला नव्हता, आणि परतीच्या आगगाडीची वेळ जवळ आली होती. ते छत्री चाचपू लागले. तेव्हा नर्मदाबाईंनीच तोड काढली. "आपल्या घरात कापसाची पहिली पाटी देवाची. पहिलं वासरू देवाच्या नावानं सोडतेत. मंग फटफटी बी टेकाडावरच्या खंडेरायाच्या नावानं करा की. तुमी नुस्ते तिचे राखणदार. देवाचं कोण काय वाकडं करतंय?"

किशनरावांनी विष्णुपंतांकडं पाहिलं. विष्णुपंतांनी घड्याळाकडं पाहिलं. "हप्ता वेळेवर आला की झालं," ते म्हणाले आणि टाक शाईत बुडवला. "मालक आणि स्वार, खंडेराव मल्हारराव. वय?"

"देवाला कसलं वय?"

"पस्तीस लिहितो. धंदा?"

"शेती लिवा. देवाची जमीन हाय टेकाडाखाली."

"बायको?"

"दोन हायत."

विष्णुपंतांचा टाक थांबला. "इथं एकीचीच जागा आहे."

"मंग थोरली. म्हाळसाबाई."

अशा रीतीनं गाडीचा विमा झाला, गाडीखाली येणाऱ्याचा झाला, आगीचा झाला, बैलांचा झाला आणि स्वाराचाही झाला. नर्मदाबाईंनी कागदाला हळदकुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला. किशनराव त्या रात्री गाढ झोपले. आता विमा उतरवायचं काही उरलं नव्हतं.

ऐन हंगामात, मार्गशीर्षात, पेडगावच्या वाटेवर समोरून कापसाची बैलगाडी आली. फटफटीचा आवाज ऐकून बैल बुजले. त्यांचा विमा उतरवलेला आहे हे किशनरावांच्या ध्यानात होतं; बैलांच्या नव्हतं. बैल आडवे झाले, किशनरावांनी मूठ वळवली आणि फटफटीसकट ते नाल्यात गेले. वर बैल थोडा वेळ थरथरले, मग बांधावरचं गवत खाऊ लागले. खाली किशनरावांच्या नडगीचे दोन तुकडे झाले होते. पण पडल्या पडल्या त्यांना आठवला तो कागद. पाय मोडला तर इतकं! ते चक्क हसले. गाडीवान वरून ओरडला, "डोस्क्याला लागलंय जणू यांच्या!"

हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दोन महिने खाटेवरून उतरू नका म्हणून बजावलं. व्यंकटराव येऊन गेले. "मी जागा धरून ठेवतो, पण हंगाम माझ्यासाठी थांबत न्हाई. पंधरा दिवसात फटफटी उभी करा. तुमचा पाय बरा होईस्तोर दुसरा कुणी बसवा तिच्यावर, पण गावं आपल्या हातातून जाऊ देऊ नका."

किशनरावांनी कंपनीला अर्ज धाडला. आठवड्यानं उत्तर आलं. विष्णुपंतांनी ते वाचून दाखवलं. "श्री. खंडेराव मल्हारराव यांसी सप्रेम नमस्कार. आपल्या अपघाताची वार्ता ऐकून खेद झाला. आपल्या पायाची तपासणी करण्यास आमचे गृहस्थ येत आहेत. ता. क. आपली गाडी नेणारे हे किशनराव कोण, आणि त्यांनी ती आपल्या परवानगीनं नेली होती काय, ते कळवावे."

"कळवा की, खंडेराव ह्यो देव हाय म्हनून!" किशनराव खाटेवरून म्हणाले.

"कसं कळवू? देवाचं वय मी पस्तीस लिहिलंय!"

आतलं जातं थांबलं.

कंपनीचे दिनकरराव सकाळच्या गाडीनं सेलूला उतरले. स्टेशनावर त्यांनी विचारलं, "खंडेराव मल्हारराव कुठं राहतात?" टांगेवाल्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "टेकाडावर. बसा, दर्शनाला आलेल्यांना तिथंच नेतो मी."

दोन तासांनी ते किशनरावांच्या खाटेजवळ येऊन बसले, तेव्हा त्यांच्या कपाळावर भंडारा होता. मागं देवळाचा लिंबाजी गुरव हात बांधून उभा होता.

"खंडेरावांना भेटून आलो," दिनकरराव म्हणाले. "तब्येत उत्तम आहे. कुठं ओरखडासुद्धा नाही."

"साहेब, पाय माझा मोडलाय."

"ते दिसतंय मला. पण तुमचा विमा कुठाय?"

किशनरावांनी देव्हाऱ्याकडं बोट केलं, आणि मग ते बोट हळूहळू खाली आलं.

"दोन गोष्टी लिहिता येतात," दिनकरराव सावकाश म्हणाले. "नाव खोटं आहे म्हणालात, तर तुमची आणि या विष्णुपंतांची रवानगी हवालातीत. नाव खरं आहे म्हणालात, तर गाडी देवाची. कंपनी ती दुरुस्त करून मालकाच्या दारात नेऊन देईल. स्वार मात्र सुखरूप. बोला, कोणतं लिहू?"

या वेळी किशनरावांना आठ दिवस लागले नाहीत. "देवाचंच लिवा," ते म्हणाले.

लिंबाजीनं दोन्ही हात जोडले. "येळकोट येळकोट! किशनराव, आमाला कवा बोलला न्हाईत तुमी! देवाची चीज हाय, मंग देवळातच पायजे की."

फटफटी दुरुस्त होऊन आली ती थेट टेकाडावर. देवळापुढच्या दगडी घोड्याशेजारी ती उभी राहिली. येणारे जाणारे तिच्या दिव्यावर भंडारा उधळू लागले. लिंबाजीनं चार दिवसात ती चालवायला शिकून घेतली. देवाच्या वाहनाला गंज चढू द्यायचा नाही, एवढाच त्याचा हेतू होता. मग व्यंकटरावांनी त्याला बोलावून घेतलं. फटफटी चालती होती, गुरवाचे दोन्ही पाय धड होते, आणि देवाच्या माणसानं भावाचा शब्द दिला की कास्तकार घासाघीस करत नव्हते.

माघात किशनराव काठी टेकत उठले. जीव वाचला म्हणून नर्मदाबाई त्यांना नारळ घेऊन टेकाडावर घेऊन गेल्या. पायऱ्या चढताना किशनरावांना तीनदा बसावं लागलं. वर पोचले तेव्हा लिंबाजी नुकताच पेडगावहून आला होता. मिशांवर धुरळा होता, खिशात कापसाचे नमुने होते. त्यानं नारळ फोडला, एक कवड फटफटीपुढं ठेवली आणि दुसरी किशनरावांच्या हातात दिली.

"विष्णुपंत आलते परवा," तो म्हणाला. "स्वाराचा विमा नवा करा म्हनले. केला मी."

किशनरावांनी गाभाऱ्याकडं पाहिलं. मूर्तीवर नवा मुखवटा होता, डोळे शांत होते. "देवाच्याच नावानं?"

लिंबाजीनंही गाभाऱ्याकडं पाहिलं. मग किशनरावांच्या कानाशी वाकून तो हळूच म्हणाला, "न्हाई बा. माझ्या नावानं. पायाचं काम हाय."