सातपट मंगळवार

फुकट मिळणाऱ्या वस्तूची खरी किंमत कळायला माणूस निवृत्त व्हावा लागतो. नोकरीच्या गडबडीत तो ती विकत घेऊन मोकळा होतो.

हेंडरसन, नेवाडा येथील श्री. एल्डन प्रूइट (वय एकाहत्तर, निवृत्त पाणीमीटर-निरीक्षक) यांना ही किंमत सेंटापर्यंत पाठ होती. जुगाराचा त्यांना मनापासून तिटकारा. जुगार पर्यटक खेळतात. प्रूइटसाहेब दर मंगळवारी ‘सिल्व्हर बरो’ कसिनोत जात ते सातपट पॉइंटांच्या योजनेचा लाभ घ्यायला.

हिशेब सरळ होता. पोकरच्या मशीनवर बिनचूक खेळणाऱ्याला शंभर डॉलरमागे नव्याण्णव डॉलर चोपन्न सेंट परत मिळतात. शिवाय खेळलेल्या रकमेवर कसिनो देतं त्या पॉइंटांचे शंभर डॉलरमागे एरवी दहा सेंट, मंगळवारी सत्तर. एकूण शंभर डॉलर चोवीस सेंट, म्हणजे मशीनच साहेबांचं देणं लागतं. आठ तासांत सहा हजार डॉलर फिरवले की नफा चौदा डॉलर चाळीस सेंट, अर्थात तासाला दोन डॉलर ऐंशी सेंट. कॉफी आणि गारवा वेगळा. (गेल्या एकतीस मंगळवारांत प्रत्यक्षात तीन हजार आठशे डॉलर गेले होते. पण ते नशीब. नशीब हिशेबात धरत नाहीत.)

वर पॉइंटांवर मिळणाऱ्या कसिनोच्या भेटवस्तू. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने गॅरेजमध्ये वॉफल भाजायची अकरा यंत्रं जमली होती (पत्नीला मधुमेह) आणि सहा छत्र्या (गावात वर्षाला चार इंच पाऊस). गाडी बाहेर उन्हात उभी राही.

या सुरळीत कारभारात अडथळा एकच होता. पत्नी रोवेनाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि डॉक्टर ऑपरेशनं फक्त मंगळवारी करत. तारीख तीनदा पुढे गेली होती.

“एल्डन, परवा मी कुत्र्याच्या डब्यातलं मांस पावाला लावून खाल्लं,” रोवेना म्हणाली.

“आवडलं असेल तर सांग. कुपन आहे.”

“कुपन घाल चुलीत! या मंगळवारी मी जाणार. सकाळी डोरिंडा सोडेल मला. दोन वाजता न्यायला येशील की नाही, तेवढं बोल.”

हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘रुग्णास घरी नेणारी जबाबदार प्रौढ व्यक्ती’ असा रकाना होता. प्रूइटसाहेबांनी त्यावर सही केली. शेजारीण डोरिंडा साक्षीला होतीच.

मंगळवारी पावणेदोनला साहेबांना त्या आठवड्याच्या भेटीसाठी तीनशे पॉइंट कमी होते. भेट होती दिवा बसवलेलं भिंग. ऑपरेशन फसलं तर रोवेनाला उपयोगी पडेल, हा विचार त्यात होता, हे नमूद केलं पाहिजे. उठायचं तर खुर्ची मशीनला टेकवून जागा राखता येते. पण मागे ऑक्सिजनची नळी लावलेली एक म्हातारी अर्ध्या तासापासून टपून होती.

फोन वाजला. “जबाबदार प्रौढ बोलताय का?”

“हो, हो. पंधरा मिनिटांत आलो.”

हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तिन्ही वेळा.

साडेचारला रोवेना डोरिंडाच्या आधाराने त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. एका डोळ्यावर पारदर्शक झाकण होतं. साहेबांना लाज वाटली, खरी वाटली. हातातला डाव संपवून ते वळले.

“अडीच तास बसवलं मला तिथे, बेवारस सामानासारखं. नर्स विचारत होती, नवरा नाही का तुम्हाला?”

“मग तू काय सांगितलंस?”

“आहे म्हटलं. मंगळवारी नसतो.” तिने मशीनकडे पाहिलं. “काय रे, फुल हाउसचा डाव लागला की एकाला नऊ मिळतात म्हणून घोकत असतोस ना? इथे आठ लिहिलंय.”

“नऊ आहेत.”

“आठ! मला इथून दिसतंय.”

साहेबांनी कामगाराला बोलावलं. “नोव्हेंबरपासून आठच आहे, साहेब,” तो अदबीने म्हणाला. “लिहिलंय की समोरच.”

एका आकड्याने नव्याण्णव चोपन्नचे अठ्ठ्याण्णव एकोणचाळीस झाले होते. सातपट पॉइंट धरूनही दर मंगळवारी चोपन्न डॉलर साठ सेंटांचा तोटा, आणि तो नशिबाचा नव्हे, हिशेबाचा. साहेबांनी मशीनवरचा बक्षिसांचा तक्ता कधी वाचलाच नव्हता. वाचायला थांबलं की तासाला वीस डाव कमी होतात.

आता त्यांनी तो बोट ठेवून वाचून काढला. मग हळूच म्हणाले, “दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे गं?”

“पुढच्या मंगळवारी.”

“पुढच्या मंगळवारी दहापट आहेत.”

रोवेनाने मशीनवरची गाडीची किल्ली उचलली, डोरिंडाचा हात धरला आणि ती निघून गेली. पायऱ्या तिने स्वतः पाहून उतरल्या.

प्रूइटसाहेबांना हसण्याआधी वाचकांनी एवढंच करावं. वर जाऊन त्या चौदा डॉलर चाळीस सेंटांना आठाने भागावं. दोन ऐंशी येत नाहीत, एक ऐंशी येतात. लिहिलं होतं की समोरच.