घाटात ऐकलेला बेंजो

"माझ्या भावाचा बेंजो वाजणार नसंल, तर माझ्या लेकीची हळद मुकीच होऊ दे!" मैनाने सूप खाली आदळलं. अर्धा तास निवडून बाजूला काढलेले खडे पुन्हा तांदळात मिसळले.

गोमाजी उतेकर ओसरीवर मोबाइल घेऊन बसला होता. हळदीला बारा दिवस उरले होते.

"मैने, भरत माझा मेव्हणा हाय. त्याला मी डोक्यावर घेईन. पण त्याचा बेंजो कानावर घ्यायचा नाय."

"एवढं काय वाईट वाजवतो तो?"

"पत्र्याच्या डब्यात खडे भर आन डबा घाटातून सोडून दे. मग आयक."

मैनाने सुपातल्या खड्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी भातात खडे लागले ते फक्त गोमाजीच्याच ताटात.

पण गोमाजीचं मत म्हणजे कुणा ऐऱ्यागैऱ्याचं मत नव्हतं. महाड आगारात कंडक्टर म्हणून पंचवीस वर्षं त्याने वळणावळणावर लोकांच्या हळदी ऐकल्या होत्या. या खोऱ्यात हळद म्हटली की बेंजो पार्टी आलीच. मध्ये बेंजो, भोवती ढोल, ताशा, झांज, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कर्णा. कुणी क्रिकेटचा संघ मानतो, कुणी पक्ष मानतो. महाड-पोलादपुरातली माणसं बेंजो पार्ट्या मानतात. अशा एकशे चौदा माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि गोमाजी त्याचा ॲडमिन. लग्नाला लोक जेवायला जातात, ही मंडळी फोन उंच धरून उभी राहायला जात. कुणी नवी पार्टी ऐकली की रेकॉर्डिंग ग्रुपवर पडायचं आणि सगळे गोमाजीच्या निकालाची वाट पाहायचे. निकाल एसटीच्या भाषेत यायचा. दोन घंट्या म्हणजे डबल बेल, जाऊ द्या, पार्टी झकास. एक घंटी म्हणजे थांबवा. भरतच्या 'जय झोलाई' पार्टीला आजवर दुसरी घंटी मिळालेली नव्हती.

जय झोलाईच्या बाजूने बोलणारा ग्रुपमध्ये एकच माणूस होता, तो म्हणजे कुवेतला नोकरी करणारा सोहेल. त्याची बायको साजिदा महाडच्या घराच्या गच्चीवरून, लांबून कुठून येईल ते वाजप रेकॉर्ड करून त्याला धाडायची. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना तो ते ऐकायचा आणि ग्रुपवर लिहायचा, 'जय झोलाईसारखी पार्टी होणे नाही.' गोमाजी लगेच उत्तर द्यायचा, 'सोहेल, तुझ्या कानात वाळू गेली आहे.'

गोमाजीच्या मनात एकच पार्टी बसली होती, आणि तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातली संध्याकाळ होती. वळवाच्या वाऱ्याने वरंध घाटात झाड आडवं पडलं आणि गोमाजीची गाडी एका वळणावर थांबली. उतारू खाली उतरले, कुणी करवंदं शोधू लागलं. भोरला मावशीकडे जायला निघालेली अकरा वर्षांची श्रुतिका त्याच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती. इतक्यात समोरच्या डोंगरावरून बेंजो ऐकू आला. समोर ना घर दिसत होतं ना दिवा, नुसता निळा होत चाललेला कडा. सूर असे येत होते की जणू कड्यालाच आठवण येऊन तो आपल्याशी गुणगुणतोय. ताशा पार मागे, झांज त्याहून मागे, आणि बेंजोची तार मात्र दरी ओलांडून थेट छातीत. गोमाजीने आयुष्यात पहिल्यांदा तिकिटांचा हिशेब अर्ध्यावर सोडला. श्रुतिका झोपेतच पुटपुटली, "बाबा, माझ्या हळदीला हेच लावा."

"लावीन गो," गोमाजी म्हणाला होता. पंचवीस वर्षांत त्याने उतारूंना पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या, 'मागे जागा आहे, पुढे सरका' अशासारख्या. पण खांद्यावरच्या त्या एका उतारूला दिलेला शब्द त्याला मोडायचा नव्हता.

पुढे सुट्टीच्या दिवशी समोरच्या डोंगरावरच्या साऱ्या वाड्या त्याने पायांखाली घातल्या. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं. "त्या दिवशी आमच्याकडं लगीनच नव्हतं बा!" हळद नाही, लग्न नाही, मग बेंजो वाजवला कुणी? एका म्हाताऱ्याने ती वनदेवीची वरात असावी असं सांगितलं आणि गोमाजीला ते मनातून थोडंसं पटलंही.

"मी असं म्हणाले होते?" श्रुतिकाने आता, बाविसाव्या वर्षी, डोळे मोठे करून विचारलं. "बाबा, मला काहीच आठवत नाही."

"तुला नसंल. मला हाय."

आणि त्याच दुपारी गोमाजीने ग्रुपवर जाहीर केलं, 'श्रुतिकाच्या हळदीला घाटातलीच पार्टी वाजेल. नाहीतर कोणतीच नाही.' सोबत ओळख पटावी म्हणून त्याने ती चाल स्वतः गुणगुणून पाठवली.

एकशे चौदा माणसं कामाला लागली. गोमाजी अंगणात बसून गुणगुणला होता, त्यामुळे मधोमध त्याचा कोंबडाही आरवला होता. पाचाडच्या एका पार्टीने दोन दिवसांत ती चाल हुबेहूब बसवून पाठवली, कोंबड्यासकट. दुसऱ्या एका पार्टीने तर बॅनरच छापला, 'घाटात वाजलेली तीच सुप्रसिद्ध पार्टी.' रविवारी संध्याकाळी तीन पार्ट्या परीक्षा द्यायला एकदमच अंगणात उतरल्या. बेंजो ऐकून आळीतल्या बायांना वाटलं, हळद लागली. त्या वाट्या घेऊन धावल्या, आणि महाडहून नुकतीच घरी पोचलेली श्रुतिका पर्स खांद्यावर असतानाच दोन्ही गालांनी पिवळी झाली. गोमाजीने तिन्ही पार्ट्यांना एकेक घंटी दिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी खरी पंचाईत झाली. भरतचा निरोप आला. 'दाजींना आमचा बेंजो नको, तर आमीबी रिकामे नाय. श्रुतिकाच्या हळदीच्या सांजच्यालाच नदीपल्याडच्या वाडीतल्या हळदीची सुपारी घेतलीय. येणं व्हायचं नाय.'

सुपारी म्हणजे वाजवायचं बोलावणं, ते एकदा घेतलं की पार्टीवाला मोडत नाही. मैनाने डोळ्यांना पदर लावला. उतेकरांच्या घरात हळदीच्या पाटावर मुलीला बसवतो तो मामाच, आणि श्रुतिकाला मामा एकच. "आता बेंजोबी नाय आन मामाबी नाय," मैना म्हणाली. "तुमीच बसवा तिला पाटावर, आन तुमीच वाजवा घंटी." एवढं बोलून तिने नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

गोमाजीला मनातून फार वाईट वाटलं. भरतला त्याने लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. पण माघार कशी घ्यायची ते काही त्याला सुचेना. शेवटी तो महाडला झकेरियाकडे जाऊन बसला. झकेरिया मांडवाचं सामान टेम्पोतून ने-आण करायचा, सोहेलचा सख्खा चुलता, आणि ग्रुपमध्ये गोमाजीच्या खालोखाल कान त्याचाच.

"गोमाजीभाऊ, अकरा वर्षं तू माणसांना विचारलंस," झकेरिया चहा बशीत ओतत म्हणाला. "एकदा त्या जागेला विचारून बघ. वैशाख आहे, सगळीकडे हळदी आहेत. चल, टेम्पो रिकामाच आहे."

ते वळणावर पोचले तेव्हा ऊन कड्याच्या वरच्या कडेला तेवढं उरलं होतं. झकेरियाने इंजिन बंद केलं. दोघं कठड्यावर बसले. खाली दरीत कुठे तरी धूर चढत होता, करवंदांच्या जाळ्या तशाच होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

आणि समोरच्या कड्यातून बेंजो वाजू लागला.

तीच चाल. तीच तार. गोमाजीचा हात आपसूक खांद्यावर गेला, तिथे कुणाचं डोकं टेकलेलं नव्हतं तरी. डोळे भरून आल्यामुळे त्याला फोनवरची बटणंही दिसेनात. झकेरियानेच रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवलं, 'सापडली!'

ग्रुपवर बदामांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. एकशे चौदा माणसांनी एकमताने डबल बेल दिली. मग सोहेलचं आलं. 'चाचा, ही तर जय झोलाई. साजिदा गच्चीवरून पाठवते ती हीच.'

'वाळू,' गोमाजीने एका शब्दात उत्तर दिलं.

टेम्पो समोरच्या डोंगराकडे निघाला, तसा आवाज कमी कमी होत बंदच झाला. समोरच्या वाडीत दिवेलागण होऊन माणसं शांत जेवत होती. "आमच्याकडं लगीन नाय बा," अकरा वर्षांपूर्वीच्याच माणसाने सांगितलं. परत वळणावर आले, तर बेंजो पुन्हा कड्यातून हजर. झकेरियाने कान टवकारले, कड्याकडे पाहिलं, मग हळूच मान पाठीमागे वळवली.

"भाऊ, कडा वाजत नाही. कड्यावर आपटून येतंय. वाजतंय आपल्या पाठीमागं, खाली!"

अकरा वर्षं गोमाजी आवाजाकडे पाठ करून त्याला शोधत होता. वळणाच्या मागून एक कच्चा रस्ता खाली उतरत होता. टेम्पो धडधडत वाडीत शिरला. मांडव, पिवळे झालेले लोक, आणि मधोमध डोळे मिटून बेंजो वाजवणारा भरत. त्याची सासुरवाडीच ती. इथली हळद वर्षानुवर्षं त्याच्याशिवाय लागत नव्हती.

जवळून आवाज कसा होता? डब्यात खडे. ताशा कानशिलात बसत होता, झांज दातांत शिरत होती, आणि कर्णा त्या दोन्हींना वरचढ होता. गोमाजी चार पावलं मागे सरला. आणखी खडे. "झकेरियाभाई, जरा वर ने मला," तो पुटपुटला. वळणावर स्वर्ग होता. "खाली ने." खाली खडे. तिसऱ्या फेरीला झकेरिया म्हणाला, "भाऊ, मी काय जत्रेतला पाळणा आहे?"

वाजप थांबलं तेव्हा भरतने दाजींना पाहिलं आणि तो ताठ झाला.

"काय दाजी? एक घंटी द्यायला हितवर आलास?"

गोमाजीने फोन पुढे केला. ग्रुपवर त्याने आत्ताच लिहिलं होतं, 'अकरा वर्षांपासून मी शोधत असलेली पार्टी जय झोलाई, मालक भरत. आजवरच्या सर्व घंट्या मागे घेतो. सोहेलची माफी मागतो.' भरतने ते दोनदा वाचलं.

"पण सुपारी मी मोडायचा नाय दाजी. नदीपल्याडच्या वाडीला शब्द दिलाय."

"मोडू नकोस!" गोमाजी जवळजवळ ओरडलाच. मोडायची तर गोष्टच नव्हती. नदीपल्याडची वाडी त्याच्या अंगणातून बरोबर दिसायची, आणि मध्ये सगळी सावित्री नदी होती. "पार्टी तिकडं वाजू दे. तू फकस्त मामा म्हणून इकडं ये. बेंजोला शागीर्द हाय ना तुझा?"

"हर्षद हाय की. माझ्यावानीच वाजवतो."

"तुझ्यावानीच वाजवू दे," गोमाजी कळकळीने म्हणाला. "सुधारू नको सांग त्याला."

हळदीच्या दिवशी ऊन कलल्यावर भरत साकवावरून नदी ओलांडून आला. मैनाने दारातच त्याच्या गालावरून बोटं मोडली, आणि तेव्हाच कुठे नवऱ्याला "च्या घेताय का?" असं विचारलं. मामाने भाचीचा हात धरून तिला पाटावर बसवलं. अंगणात ना पार्टी, ना कर्णा. पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

मग नदीवरून बेंजो आला. पाण्यावरून घरंगळत, भातखाचरांवरून, आंब्याच्या पानांतून. ताशाचा कडकडाट वाटेतच पाण्यात गळून पडला होता. बोलणारी माणसं बोलता बोलता थांबली. हळद कालवणाऱ्या बायांचे हात सावकाश झाले, मग त्याच लयीत फिरू लागले, आणि कुणी न सांगता सगळं अंगण हलकं हलकं डोलू लागलं. श्रुतिकाने डोळे मिटले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, करवंदांचा वास येत होता ना तेव्हा?" गोमाजीने होकाराची मान हलवली.

भरत मात्र तोंड उघडं ठेवून ऐकत होता. वीस वर्षं तो पार्टीच्या मधोमध बसला होता, त्यामुळे स्वतःची पार्टी त्याने कधी ऐकलीच नव्हती.

"दाजी," तो म्हणाला, "अकरा वर्सं तू हेच शोदत व्हतास?"

"हेच."

"मग पयलंच सांगायचं ना, जरा लांब बसा म्हणून!"

तेवढ्यात गोमाजीच्या फोनवर ग्रुपचा संदेश वाजला. नदीपल्याडच्या मांडवातल्या नवऱ्यामुलाचा बाप त्याच सकाळी सभासद झाला होता. त्याने लिहिलं होतं, 'ही पार्टी चांगली आहे असं या ग्रुपवर कोणी सांगितलं? एक घंटी!'

गोमाजीने भरतकडे पाहिलं, भरतने फोनकडे पाहिलं, आणि दोघं पोट धरून हसले. मग गोमाजीने उत्तर लिहिलं, 'साकवावरून इकडे या. सगळ्यांनी या.'

घटकाभरात साकवावर माणसांची रांग दिसू लागली. पुढे नवरामुलगा, त्याच्या मागे बाया वाट्या झाकून, पोरं, म्हातारे. गोमाजीच्या अंगणात एका जागी दोन हळदी लागल्या. आणि पलीकडे, रिकाम्या मांडवात, हर्षद आणि मंडळी जीव तोडून वाजवत राहिली.