सात नंबरचं टेबल

दाबके साहेब टेबलाखाली गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. कचेरीतल्या मंडळींना फक्त त्यांचे काळे बूट आणि इस्त्रीच्या पँटचा थोडासा भाग दिसत होता. साहेब नुकतेच पुण्याहून बदलून वर्ध्याला आले होते. टेबलाखाली जाणं ही तिकडची पद्धत असेल असं समजून सगळे अदबीनं उभे होते. एकटे हेडक्लार्क अण्णाजी, म्हणजे कचेरीचे बडेबाबू, तेवढे घामाघूम झाले होते, कारण टेबल त्यांचं होतं. नुसतं बसायचं म्हणून त्यांचं नव्हे, तर खरोखरच त्यांचं होतं, आणि सगळी भानगड तीच होती.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. माणसं एका रात्रीत गेली. त्यांना काही विचारायचं कारण नव्हतं. टेबल-खुर्च्यांचं मात्र तसं नव्हतं. कोणतं लाकूड कोणत्या राज्याच्या वाट्याला जातं याचा नीट निकाल लागायला हवा होता. म्हणून हुकूम सुटला की, प्रत्येक कचेरीनं आपल्याकडच्या एकूण एक सामानाची ओळख पटवावी आणि आजची किंमत ठरवून कळवावी. सोबत एक लांबलचक तक्ता होता. त्यात लाकडाची जात, वय, मूळ, घडण, अंगावरच्या खुणा असं सगळं विचारलेलं होतं. मुलीला स्थळ बघतानाही कोणी इतकी चौकशी करत नाही.

आजवर असं कधी झालं नव्हतं. दरवर्षी तपासणी व्हायची ती फक्त नगांची. रजिस्टरात टेबलं अकरा, कचेरीत टेबलं अकरा. तपासनीस सही करायचा, चहा प्यायचा आणि सेवाग्राम बघायला निघून जायचा. याच भरवशावर अण्णाजींनी एकोणचाळीस साली एक उद्योग करून ठेवला होता. त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात गणपतीच्या केळझरहून एक भलंथोरलं सागवानी टेबल दिलं होतं. तेव्हा अण्णाजी नालवाडीला एका खोलीत राहत. टेबल आत आलं की नवरा-बायकोपैकी एकालाच आत थांबता यायचं. शेवटी अण्णाजींनी ते बैलबंडीत घालून कचेरीत आणलं, त्यावर पांढऱ्या रंगानं सात हा आकडा काढला, आणि खरं सात नंबरचं सरकारी टेबल, जे लहान होतं आणि एका पायानं लंगडत होतं, ते त्याच बंडीतून घरी नेलं. नग अकराचे अकराच राहिले. यात चोरी अशी अण्णाजींना कुठं दिसलीच नाही. उलट सरकारचा फायदाच झाला असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. चार महिन्यांसाठी केलेली ही अदलाबदल सतरा वर्षं टिकली.

आता एकतीस डिसेंबरला अण्णाजी रिटायर व्हायचे होते. नालवाडीतच त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि त्यांच्या पत्नीनं, देवकाबाईंनी, मधल्या खोलीची एक भिंत आपल्या बापाच्या टेबलासाठी रिकामी ठेवली होती. ज्या दिवशी पेन्शन सुरू होईल त्या दिवशी टेबल घरी येईल, असं अण्णाजींनी त्यांना देवासमोर सांगितलं होतं.

साहेब एकदाचे बाहेर आले. केसांत कोळ्याची जाळी होती आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“बडेबाबू, हे काय आहे, कल्पना आहे तुम्हाला?”

“टेबल आहे, साहेब.”

“इंग्लिश टेबल आहे! व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. हे पायांवरचं कोरीव काम बघितलंत? चारही पायांवर ब्रिटिश सिंह आहे.”

चपराशी नत्थूजी हे टेबल रोज पुसत असे. त्याला राहवलं नाही.

“साहेब, तो तं उंदीर हाये.”

“उंदीर?”

“हो ना. गनपतीचा. हे पाहा, हातात मोदक हाये त्याच्या.”

“मोदक नाही तो,” साहेब दयाबुद्धीनं हसले. “पृथ्वीचा गोल आहे. सिंहाच्या पंजात पृथ्वी. म्हणजे साम्राज्य! काय बडेबाबू?”

सगळी कचेरी अण्णाजींकडे बघू लागली. उंदीर म्हणावं तर उंदीर केळझरचा. केळझरचा उंदीर सरकारी टेबलावर कसा चढला, असा प्रश्न निघणार. मग खरं सात नंबरचं टेबल कुठं गेलं असा दुसरा निघणार, आणि तिसऱ्या प्रश्नाला पेन्शन अडकणार.

“सिंहच आहे साहेब. नत्थूजीले जरा दिसत नाई... दिसत नाही.”

नत्थूजी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेला.

पण एवढ्यानं भागलं नाही. किमतीवर स्थानिक सुताराची साक्ष हवी, असं हुकमात लिहिलेलं होतं. सरकारी यादीत सुतार एकच, रूपराव. आणि या रूपरावाच्या बापानंच ते टेबल घडवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाजींनी त्याला कापूस बाजाराजवळच्या हॉटेलात गाठलं आणि समोर चहा-चिवडा ठेवला.

“रूपराव, साहेबापुढं टेबल इंग्लिश हाये असं सांगजो.”

“कोनतं?”

“माहं.”

“ते तं माह्या बाबानं बनवलं!” रूपरावाचा हात चिवड्यातच थांबला.

“मले मालूम नाई का? पन ते बोलला तं माही पेन्शन बुडाली समज.”

रूपराव भला माणूस होता. त्यानं थोडा विचार केला, चहा संपवला आणि म्हणाला, “ठीक हाये. इंग्लिश म्हनतो. पन किंमत मी माह्या मनानं सांगीन.”

अण्णाजींनी मान डोलावली. तिथं ते चुकले. कचेरीत आल्यावर रूपरावानं टेबलावरून हात फिरवला, खण ओढून पाहिला, वाकून एका उंदराच्या पाठीवर बोट फिरवलं आणि त्याचे डोळे भरून आले.

“इंग्लिश हाये, साहेब. असं काम आता होत नाई. ज्यानं हे केलं तो मानूस देव होता, देव!”

“किंमत किती धरावी?”

“आठशे.”

अण्णाजींना जोरात ठसका लागला. वर्ध्यात आठशे रुपयांत अख्ख्या कचेरीचं सामान आलं असतं.

“बडेबाबू खोकलून राह्यले तरी आठशेच,” रूपराव म्हणाला. “एक पैसा कमी लिहिला तं मी अंगठा देनार नाई.”

साहेबांनी आनंदानं आकडा लिहिला. साहेब हुशार होते. उद्या काही वाकडं निघालंच तर आपल्या नावाशेजारी दुसरं एखादं नाव असावं, म्हणून त्यांनी तक्त्याखाली आणखी एक ओळ जोडली: ‘सदर टेबलाची ओळख हेडक्लार्क अण्णाजी यांच्या तज्ज्ञ सल्ल्यानुसार पटविण्यात आली आहे.’ तीन प्रती निघाल्या आणि मुंबईला गेल्या.

सरकारी कागदाला सहा महिने तरी लागतील, तोवर आपण रिटायर झालेलो असू, असा अण्णाजींचा हिशेब होता. उत्तर नवव्या दिवशी आलं. सात नंबरचं दुर्मीळ टेबल मुंबईच्या मोठ्या कचेरीच्या दिवाणखान्यासाठी रेल्वेनं ताबडतोब रवाना करावं, असा हुकूम होता.

त्या संध्याकाळी अण्णाजी सायकल हातात धरून पायीच घरी गेले. देवकाबाईंना सांगणं भाग होतं.

“माह्या बापाचं टेबल मुंबईले?” देवकाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. “सरकार कोनतं माह्या लग्नाले आलतं?”

“हुकूम हाये, देवका.”

“मंग साहेबाले खरं काऊन नाई सांगत तुमी?”

“खरं सांगितलं तं सरकारी टेबल घरी नेलं म्हनून केस होईन. पेन्शन अटकन. खाऊ काय आपन?”

देवकाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बाबानं उंदरावर नवस बोललता. पोरीचा संसार नीट होऊ दे म्हनून. त्यानं देल्लं माह्यापाशी दुसरं काई नाई राह्यलं.” तव्यावरची भाकरी करपली आणि दोघांनीही ती काढली नाही. अण्णाजींना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कचेरीच्या दारात बंडी येऊन उभी राहिली. बंडीत लंगडं टेबल होतं आणि टेबलाशेजारी देवकाबाई बसल्या होत्या. त्यांनी नत्थूजीला हाक मारली, दोघांनी टेबल उतरवलं आणि सरळ साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवलं.

“हे तुमचं सात नंबर,” देवकाबाई म्हणाल्या. “आता माहं मले द्या.”

अण्णाजी धावत आले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एकोणचाळीस सालापासून सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभे राहिले. साहेब संतापून लाल होतील असं त्यांना वाटलं होतं. पण साहेब पांढरे पडले.

“म्हणजे आता या कचेरीत टेबलं बारा?”

“हो साहेब.”

“आणि दोन सात नंबर?” साहेब खुर्चीत बसले. “अहो, टेबल कमी असतं तर तुमच्या पगारातून वसूल केलं असतं. त्याचा फॉर्म आहे. जास्त निघालं तर कोणाकडून वसूल करायचं? त्याचा फॉर्मच नाही!”

“आन् तो सिंह नाई,” देवकाबाईंनी आणखी भर घातली. त्या साहेबांना हाताशी धरल्यासारखं बाहेर अण्णाजींच्या टेबलापाशी घेऊन गेल्या. “शेपूट पाहा. सिंहाच्या शेपटीले गोंडा राह्यते. याले हाये का गोंडा? आन् ह्या मिशा पाहा.”

साहेबांनी पाहिलं. गोंडा नव्हता. मिशा होत्या. एकदा उंदीर दिसल्यावर मग दुसरं काही दिसेना. तीन प्रतींवर ‘ब्रिटिश सिंह’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून त्यांनी खाली सही ठोकली होती. त्यांनी रुमालानं मान पुसली, अण्णाजींना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“बाईंना सांगा, त्यांचं टेबल आत्ताच्या आत्ता घेऊन जावं.”

“मग मुंबईला?”

“मुंबईनं सात नंबर मागितलं आहे. हे सात नंबर आहे.” साहेबांनी लंगड्या टेबलाकडे बोट दाखवलं.

“पण साहेब, यावर सिंहबी नाही आणि उंदीरबी नाही. आमच्या मुलीनं, सुधानं, यावर शाई सांडली आहे. सतराचा पाढा कोरला आहे.”

“जुनेपणाच्या खुणा,” साहेब म्हणाले. “गोणपाट चांगलं जाड लावा.”

सागवानी टेबल बंडीतून नालवाडीला गेलं आणि लंगडं टेबल गोणपाटात गुंडाळून मालगाडीनं मुंबईला. पुढचे तीन आठवडे अण्णाजींना जेवण गेलं नाही. टपालवाला दिसला की ते रजिस्टरात डोकं घालत. साहेबांनी तर पुण्याला आईची तब्येत बिघडल्याचा एक अर्ज आधीच लिहून खणात ठेवला होता. मुंबईचं पाकीट आलं ते एकोणतीस डिसेंबरला. साहेबांनी ते फोडलं.

“‘टेबल मिळाले,’” साहेब वाचू लागले. “‘वर्णनाबरहुकूम आहे. चारही सिंह उत्तम स्थितीत असून वरिष्ठांनी त्यांची प्रशंसा केली आहे...’”

वाचलो, एवढंच अण्णाजींच्या मनात आलं. पण साहेबांनी पान उलटलं.

“‘जुन्या सामानाची इतकी सूक्ष्म पारख असणारा माणूस खात्यास दुर्लभ आहे. सबब हेडक्लार्क अण्णाजी यांची निवृत्ती दोन वर्षे पुढे ढकलण्यात येत असून, विदर्भाच्या आठही जिल्ह्यांतील कचेऱ्यांचे सामान ओळखण्याच्या कामी त्यांस फिरतीवर नेमण्यात येत आहे.’ अभिनंदन, बडेबाबू!”

घरी देवकाबाई मधल्या खोलीत टेबलाला तेल लावत होत्या. बातमी ऐकून त्यांनी फडकं खाली ठेवलं. “टेबल घरी आलं तं मानूस भायेर,” त्या म्हणाल्या आणि अण्णाजींच्या ट्रंकेत धोतरं भरू लागल्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अण्णाजी भंडाऱ्याच्या कचेरीत हजर झाले. तिथले हेडक्लार्क हिरालालजी स्टेशनवर घ्यायला आले होते. त्यांनी चहा दिला, नाश्ता दिला, पुन्हा चहा दिला. सामान बघता बघता अण्णाजी एका शिसवी कपाटापाशी थांबले. कपाटावर पांढऱ्या रंगात चार हा आकडा होता. दाराला लांबरुंद आरसा होता आणि आरशाच्या चौकटीला जागोजागी कुंकवाची बोटं पुसलेली होती.

अण्णाजींनी चौकटीकडे पाहिलं, मग हिरालालजींकडे पाहिलं. हिरालालजींच्या कपाळावर जानेवारीत घाम आला होता.

“बडेबाबू,” ते अगदी कानाशी येऊन म्हणाले, “तुमचं लय नाव ऐकलं. हे एवढं इंग्लिश हाये असं लिहून टाका ना.”

“रिटायर कवा होता?”

“मार्चमंधी.”

अण्णाजींनी टाक दौतीत बुडवला आणि चार नंबरच्या ओळीत सावकाश लिहिलं: ‘कपाट, साधे, देशी, वाळवीने खाल्लेले, किंमत दोन रुपये.’

“वाळवी?” हिरालालजी दचकले. “अवो, कपाट तं एकदम शाबूत हाये!”

“शाबूत लिहिलं तं मुंबईले जाते,” अण्णाजी म्हणाले, आणि दोनाचा दीड करून त्यांनी त्यावर टीपकागद दाबला.