तीस विरुद्ध एक

महादू टेलर विरोधी पक्षाबद्दल कधीही वाईट बोलत नाहीत. विरोधी पक्षाची माणसं त्यांच्या दुकानात निर्धास्त बसतात, पेपर वाचतात, सदऱ्याची बटणं लावून घेतात. धास्ती असते ती आमच्या पक्षाच्या माणसांना. कारण महादूकाका आमच्याच पक्षाचे आहेत आणि मला आठवतंय तेव्हापासून ते फक्त आम्हालाच शिव्या घालत आलेत.

पोलादपूरच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. त्यांचं मशीन मध्येच थांबलं की मी समजतो, आता कुणाचं तरी माप निघणार.

"दुसऱ्याचं उसवलेलं कुणालाबी दिसतं रे," ते म्हणतात. "आपलं पाठीमागं कुठं उसवलंय, ते सांगायला घरचा माणूस लागतो."

सगळ्यात जास्त मापं निघायची ती गुरुजींची. गुरुजी म्हणजे पंचायत समितीतले आमचे सदस्य. उमरठचे, निवृत्त शिक्षक. माणूस इतका मवाळ, की दोन वाड्यांचं पाण्यावरून वाजलं तर हे दोन्हीकडे चहा पिऊन येणार आणि दोन्ही वाड्यांना वाटणार, गुरुजी आपलेच. विरोधकांचा ठराव बरा वाटला तर सभेत हात वर करून मोकळे. रोज सकाळच्या एसटीने ते पोलादपुरात उतरत, महादूकाकांच्या स्टुलावर बसत आणि अर्धा तास मुकाट्याने बोलणी खात.

"कापड चांगलं हाय, फिटिंग नाय," काका त्यांच्या तोंडावर मला सांगत. "मेंबर कसा अंगाबरोबर बसायला हवा. ह्यो म्हंजे पायजमा. कुणालाबी होतो."

गुरुजी हसत. काकांचा चहाही गुरुजीच सांगत.

काकांचं म्हणणं एकच होतं. दर निवडणुकीला त्याच माणसाला आयतं तिकीट का? आधी पक्षातल्या पक्षात मतं घ्या. कुणाला गुरुजींच्या विरोधात उभं राहायचं असेल त्याला राहू द्या. आमचे तालुकाध्यक्ष इस्माईलभाई ट्रान्सपोर्टवाले हे ऐकून कान पकडत. "महादूशेठ, घरातली भांडी चव्हाट्यावर वाजली की सीट गेली. आणि गुरुजी गोड बोलतात म्हणून तर चार बाहेरची मतं पडतात आपल्याला."

"चार बाहेरची पडतात, पण घरातली चाळीस झोपतात त्याचं काय?" काका म्हणत. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटायचं. मी दोन्ही बाजूंची पत्रकं छापून देतो.

यंदा मात्र इस्माईलभाई वैतागले. म्हणाले, घ्या एकदाची मतं! काका, गुरुजी आणि मी धरून एकतीस जुने कार्यकर्ते बोलावले. उभं कोण राहणार म्हटल्यावर सगळे मूग गिळून बसले. शेवटी काकांनाच उभं राहावं लागलं. त्यांचा प्रचारही जगावेगळा. एका घरी सांगून आले, "गुरुजीला पाडा. पण त्या माणसानं एक पैसा खाल्ला नाय हां, ते ध्यानात ठेवा."

आता आमच्याकडे मतदानाची रीत वेगळी. गावकीत कुठलाही निर्णय तोंडावर होतो. सगळे सतरंजीवर बसतात, एकमत होईपर्यंत कुणी उठत नाही आणि कुणाला एकटं पाडायचं नाही हा पहिला नियम. चिठ्ठीवर गुपचूप नाव लिहायचं म्हणजे सगळ्यांनाच नवं. तरी लिहिली. इस्माईलभाईंनी चिठ्ठ्या उघडल्या, पुन्हा मोजल्या आणि चष्मा काढून पुसला.

महादू टेलर तीस. गुरुजी एक.

कुणी टाळी वाजवेना. इस्माईलभाई म्हणाले, "महादूशेठला ज्यांनी मत दिलं त्यांनी हात वर करा बघू." एकेक हात चोरट्यासारखा वर यायला लागला. पहिलाच म्हणाला, "मला वाटलं, हे पडणारच. बिचाऱ्याला एक तरी मत असावं." दुसरा म्हणाला, "मलाबी तसंच वाटलं." तिसरा हात माझा होता. सगळ्यात शेवटी गुरुजींचा हात वर आला. "इतकी वर्षं माझ्यासाठी घसा कोरडा केलाय त्यांनी," ते म्हणाले. "शून्य बघवलं नसतं."

हात वर नव्हता तो फक्त महादूकाकांचा. ते खाली बघत बोटाने सतरंजीचा धागा ओढत बसले होते.

मग एकदम उसळले. "ह्ये मतदान नाय, ह्यो वेडेपणा हाय! परत घ्या!" जिंकलेल्या उमेदवाराने स्वतःच्या विजयावर हरकत घेतलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. पण इस्माईलभाई हटेनात. "मतं घ्या म्हणून तुम्हीच कानीकपाळी ओरडत होतात. आता निभवा."

गुरुजी शांतपणे उठले. म्हणाले, "बरं झालं. मुलगी कधीची पनवेलला बोलावतेय. इथल्या कामामुळे जमत नव्हतं. आता उद्याच दुपारच्या गाडीने जातो." काकांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तर काका माझ्या आधीच पायरीवर बसलेले. "कागद घे. इस्माईलभाईला लिही, मला तिकीट नको."

"कारण काय लिहू?"

"तब्येत लिही." मग म्हणाले, "नको. खोटं नको. लिही, मला माणूस बदलायचा नव्हता. त्यानं जरा ताठ उभं राहावं, एवढंच होतं."

मी लिहिलं. काका कागदाकडे न बघता बोलतच राहिले. "तुझी काकी जाऊन आठ वर्सं झाली. पोरगा डोंबिवलीला. दुकानात दिवसभर माणसं येतात, रे. छाती सांगतात, कंबर सांगतात अन् जातात. माझ्यासाठी म्हणून येणारा ह्यो एकच. मी एवढा बोलतो त्याला, तरी दुसऱ्या दिवशी येतोच. तो गेल्यावर मी कुणाला बोलू?"

मी कागद पुढे केला. त्यांनी सही केली.

"एक झेरॉक्स मला दे," ते म्हणाले. "त्याला दाखवतो. नुसतं तोंडानं सांगितलं तर म्हणंल, महादू पुन्हा भांडायला आला."

झेरॉक्स खिशात घालून ते उमरठच्या एसटीकडे निघाले. तेवढ्यात ती सुटली. महादूकाका धोतराचा सोगा हातात धरून, "थांबव रे, थांबव," असं ओरडत भर बाजारपेठेतून तिच्यामागे पळत सुटले.