रावकाकांची लाईन

टँकरच्या पाण्यासाठी आमच्या गल्लीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागली की रावकाका तिच्या टोकाशी उकिडवे बसत, डावा डोळा मिटत आणि उजव्याने रांगेवरून नजर टाकत. मग म्हणत, "हिरवी अर्धा इंच बाहेर." हिरवी घागर हमखास माझी असायची.

रावकाका म्हणजे दक्षिणेतल्या तांबरममधले माझे घरमालक. तंजावरी मराठी, रेल्वेत रूळ तपासण्यात जन्म गेलेला. रूळ सरळ आहे का ते असंच वाकून, एक डोळा मिटून बघतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. निवृत्तीनंतर रूळ सुटले, वाकणं काही सुटलं नाही. मी सांगलीहून सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आलेली. तेवढंच मराठी कानावर पडतंय म्हणून घागरीवरची टीकाही गोड मानून घेई.

रोज संध्याकाळी काका जवळच्या कॉलेजच्या मैदानावर फुटबॉल बघायला जात. एका रविवारी मीही गेले. बघते तर काका चेंडूकडे ढुंकूनही पाहत नव्हते. कडेला उकिडवे बसून, एक डोळा मिटून, बचावफळीतली चार पोरं तेवढी न्याहाळत होते. सामना संपल्यावर स्कोअर त्यांनी मलाच विचारला. आपण शून्य, ते पाच, असं मी सांगितलं.

"होणारच," ते म्हणाले. "डावीकडला मागं ऱ्हातो. लाईन मोडली की गाडी घसरते, अम्मा."

त्या मोसमातला तो सलग चौथा पराभव. आणखी एक हरलात तर संघच मागे घेईन, असं प्रिन्सिपलनी बजावलं होतं. कोच बिचारा टेकीला आलेला. काकांचं ते बोलणं ऐकून त्याने ती चार पोरं त्यांच्या हवाली केली. काकांनी चौघांच्या कमरेला कपडे वाळवायची दोरी बांधली आणि आठवडाभर त्यांना एकसारखं मागे-पुढे चालवलं. पोरं सतरांदा एकमेकांवर पडली. दोरी माझी होती, त्यामुळे मला चांगलं आठवतंय.

मग एक दिवस काकांनी दोरी सोडली आणि नवीच टूम काढली. चौघांनी डावीकडून क्रमाने "इंग इरुक्केन", म्हणजे तमिळमध्ये 'मी इथं आहे', असं ओरडत राहायचं. काका दोन्ही डोळे मिटून ऐकत आणि एखादा आवाज मागून आला की हात वर करत. समोरचा संघ पोट धरून हसला, पण त्याला गोल काही करता आला नाही. पुढच्यालाही नाही.

दोरी का सोडली, याचं मला फार कुतूहल होतं. उत्तर टँकरच्या रांगेत मिळालं. माझी हिरवी घागर चांगली हातभर बाहेर होती आणि काका अवाक्षर बोलले नाहीत. उलट तिलाच अडखळून पडले. मी उठवायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "दिसत न्हाई आता. काचबिंदू. कुणास सांगू नका. लेकीस कळलं तर कोईमतूरला नेईल. लेक चांगली आहे हो. पण तिथं संध्याकाळी माझी वाट कोण बगतो?"

नाही सांगणार, असं मी म्हणाले.

मोसमाचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला आणि संघ वाचला. पोरं नाचत होती. माझा जीव मात्र टांगणीला, कारण मैदानापासून फाटकापर्यंत पाइपसाठी खणून ठेवलेलं. काकांना हात धरून न्यावं तर सगळ्यांना कळणार.

मी उठते तोवर डावीकडचा पोरगा पहिल्या खड्ड्याशी जाऊन उभा राहिला. पुढच्या खड्ड्याशी दुसरा, मग तिसरा, आणि फाटकाशी चौथा. एकामागून एक आवाज आले, "इंग इरुक्केन."

काका थबकले. पोरांना केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे. मग त्यांनी धोतर सावरलं आणि एकेक आवाज धरत, ताठ मानेनं, फाटकापर्यंत चालत गेले.

तिथे पोचल्यावर वळले.

"तिसरा अर्धा इंच बाहेर," ते म्हणाले.

मी वाकून, एक डोळा मिटून बघितलं. होता.